कवडीचं इंग्रजी

"मॅडम, अकोल्याला समुद्र कधी आला?"

मुंबईहून विमेवाल्यांच्या सर्व्हेअर साहेबांचा फोन होता आणि मी पोळ्या लाटत होते. मला वाटलं, साहेब थट्टा करताहेत. पण ते थट्टा करत नव्हते. त्यांच्यासमोर आमची फाईल होती. दापोलीकडच्या आमच्या गावातल्या तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, वेचणाऱ्या बायकांच्या संस्थेनं जहाजाच्या विमेवाल्यांकडे केलेला दावा, आणि त्यातली चौथ्या नंबरची पावती. अकोल्याच्या व्यापाऱ्याकडून ऐंशी पोती कवड्या खरेदी. शंख-शिंपल्यांतल्या कवड्या. त्या समुद्रकिनाऱ्यावर आणून आम्ही समुद्रातलं तेल साफ केलं, असं आमच्या दाव्यात इंग्रजीत लिहिलेलं होतं.

ते इंग्रजी माझं होतं. चौतीस वर्षं मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. तालुक्यात माझ्या इंग्रजीला अजून मान आहे, आणि तो मला आवडतो, खोटं कशाला बोलू?

आधी तेलाचं सांगते. गेल्या एप्रिलात खोल समुद्रात एका जहाजाची टाकी फुटली आणि तिसऱ्या दिवशी आमच्या खाडीच्या तोंडाशी तेल आलं. काळं, गुळाच्या जळक्या पाकासारखं घट्ट. मोठ्या बंदराला यंत्रं आली, तरंगते बांध आले, साहेब आले. आमची खाडी नकाशावर बोटभर सुद्धा नाही, आमच्याकडे कोण येणार? आत तिसऱ्यांचा पट्टा, साठ बायकांची पोटं त्यावर. मी संस्थेची सचिव. सगळ्यांना देवळाच्या पायरीवर बसवून मी म्हटलं, कामाला लागा, तुमची मजुरी मी मिळवून देईन.

हे मी कुठल्या जोरावर म्हटलं? वाचून. नियम असा आहे की, ज्याच्या जहाजाचं तेल, निस्तरायचा खर्च त्याच्या माथी. मालकाचा विमा असतो, तो देतो. फक्त आधी खर्च तुम्ही करायचा, वाजवी करायचा, कागद ठेवायचे आणि मुदतीत मागायचं. म्हणजे जो आधी फावडं उचलतो तो आधी खिशात हात घालतो. आम्ही संस्थेच्या बर्फाच्या कोठीसाठी जमवलेले पैसे काढले.

आणि कापूस मागवला. ही अक्कल माझी नव्हे, माझ्या सुनेची. वैशाली बडनेऱ्याची. ती म्हणाली, आमच्याकडे कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये मशीनचं तेल सांडलं की कापूस टाकतात, गपकन पिते. कापसाच्या अंगी मेण असतं, कच्चा असला की तो पाण्यावर तरंगतो आणि तेल तेवढं धरतो. तिनंच फोन फिरवून अकोल्याहून ट्रक मागवला. आमच्या बायकांनी जुन्या फाटक्या जाळ्यांत तो कापूस ठासून लांबच लांब लोड शिवले आणि खाडीच्या तोंडावर आडवे टाकले. नऊ दिवस लोड बदलत होतो. तिसऱ्या वाचल्या. भिजलेला कापूस विल्हेवाटीला न्यायचा खर्च कापसाच्या किमतीपेक्षा जास्त आला, तेही सांगून ठेवते, कारण हे कुणी सांगत नाही.

पुढे गणपतीच्या तोंडावर मी त्रेसष्ट पावत्या दोन दिवसांत इंग्रजी केल्या. एका पावतीवर एकच ओळ होती: 'कवडी, ८० पोती.' तेलकट कापूस साठवायला खणलेल्या खड्ड्याच्या तळाशी आम्ही शिंपल्यांचा थर दिला होता, मला वाटलं त्याची पावती. वर अकोल्याचं नाव छापलेलं होतं, पण भाषांतर करताना मथळा कोण वाचतो? कापसाचं बिल कुठं गेलं हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही. ट्रकच्या बिलात आलं असेल असं मी धरून चालले.

सर्व्हेअर साहेब सभ्य माणूस. म्हणाले, वरिष्ठांना हा बनावट दावा वाटतोय. एक पावती खोटी तर सगळीच फाईल बाजूला पडते. येत्या शुक्रवारी पाचला मुदत संपते. त्याआधी व्यापाऱ्याचं सहीचं पत्र, मालाच्या वजनाची चिठ्ठी आणि समाधानकारक खुलासा पाठवा. फोन ठेवला तेव्हा तव्यावरची पोळी जळली होती. सोमवार होता.

वैशालीला विचारलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण तिला विचारायचं म्हणजे चूक सांगायची. सहा वर्षं मी तिच्या 'मले-तुले'ला हसत आलेली, तिच्यापुढे कबूल करू की मला मराठीची तीन अक्षरं कळली नाहीत? छे! मी म्हटलं, मी बडनेऱ्याला जाऊन येते, विहीणबाईंना भेटायला. मुलाचं लग्न मुंबईत रजिस्टर झालं, त्यामुळे सुनेचं माहेर मी पाहिलंच नव्हतं. वैशालीचे डोळे एकदम भरले. तिनं पिशवीभर आमसुलं, ओलं खोबरं घालून केलेल्या वड्या आणि काजू बांधून दिले. त्या पिशवीचं ओझं मला बडनेऱ्यापर्यंत पुरलं.

मंगळवार, बडनेरा

स्टेशनावर विहीणबाई स्वतः आलेल्या. शकुंतलाबाई. यजमान रेल्वेतून निवृत्त होऊन दोन वर्षांनी गेले, आता त्या एकट्याच रेल्वे लाइनीपासून हाकेच्या अंतरावर राहतात. मार्चातच ऊन असं की रिक्षाच्या दांडीला हात लागला तर चटका बसावा. आमच्याकडे घाम येतो, इथे तो यायच्या आतच वाळतो. ओठ फुटले म्हणून मी तक्रार केली तर त्यांनी कांदा फोडून हातात दिला.

जेवायला रोडगे केले होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, वर तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. भाजी अशी तिखट की माझ्या कानातून वाफ निघाली. मी आमसुलाचं सार करून दिलं, तर त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आंबट हाये, पन वाईट नाई." आमच्याकडे पाहुण्याला 'अजून घ्या' म्हणतात, इथे न विचारता वाढतात. तिसरा रोडगा ताटात पडला तेव्हा मी हात आडवा धरला, तो त्यांनी सरळ बाजूला केला.

जेवण होतं चविष्ट, पण माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर शुक्रवार लाल शाईतल्या सणाशेजारी होता आणि माझी नजर सारखी तिथं. शेवटी मी त्यांना कामाचं सांगितलं. मुंबईच्या हापिसातल्या लोकांनी कापसाच्या पावतीचा घोळ घातलाय, अकोल्याच्या व्यापाऱ्याची सही हवी. घोळ मी घातलाय एवढंच सांगितलं नाही.

"मंग फोन लावा ना त्याले," त्या म्हणाल्या. पावतीवरचा फोन बंद होता, ते मी आधीच पाहिलं होतं. त्यांनी लगेच वैशालीला फोन लावायला घेतला, तिच्याकडे दुसरा नंबर असेल म्हणून. मी त्यांच्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला. म्हटलं, तिला कशाला त्रास, आपणच जाऊ. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि 'बरं' म्हणाल्या.

बुधवार, अकोला

सकाळच्या गाडीनं अकोला. दोन्ही बाजूंना काळी रानं, त्यात वाळक्या पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून उरलेली झाडं. काही शेतांत अजून पांढरे ठिपके दिसत होते. विहीणबाई म्हणाल्या, ही फरदड, हंगाम सरल्यावर पाणी देऊन काढलेला उशिराचा कापूस, त्याला भाव नाही. मी कापसाच्या साड्या जन्मभर नेसले आणि कापसाचं झाड नीट पाहिलं ते या वयात.

त्या व्यापाऱ्याचं, सलीमभाईंचं, दुकान कापूस बाजाराजवळ एका गल्लीत. साठीचे, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा, गादीवर बसून हिशेब चाललेला. मोबाईल पाण्याच्या मडक्यात पडला म्हणून बंद, असं त्यांनी न विचारता सांगितलं. विहीणबाईंना ते ओळखत होते. मी वैशालीची सासू म्हटल्यावर आतून चहा आला, बशीत बिस्किटं आली आणि मला पंख्याखालची जागा मिळाली.

मी पावती पुढे केली. विचारलं, "हे कवडी म्हणजे काय?"

त्यांनी पावतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते हसले नाहीत, त्याचे उपकार मी विसरणार नाही. शेजारच्या पोत्यात हात घालून त्यांनी मूठभर पिवळट, किडीनं डागलेला, बोंडाच्या सालीला घट्ट चिकटून राहिलेला कापूस काढला आणि माझ्या हातावर ठेवला. नीट न उमललेल्या, किडक्या बोंडातला कापूस, तो कवडी. चांगल्या कापसातून तो वेचून बाजूला काढतात. वऱ्हाडात हे कुणाला सांगावं लागत नाही.

माझ्या तळहातावर ऐंशी पोत्यांचा अर्थ होता आणि माझा जीव भांड्यात पडला. मग लगेच मला सोपा रस्ता दिसला. मी म्हटलं, "सलीमभाई, मला याच तारखेचं दुसरं बिल करून द्या. 'कापूस, ८० पोती' एवढंच लिहा. शक्य असेल तर 'उत्तम कापूस' लिहा. हे जुनं मी फाडून टाकते."

मी हे बोलले. शाळेत मुलांनी उत्तरपत्रिकेत एक खाडाखोड केली तर त्यांना बाकावर उभं करणारी मी हे बोलले, आणि आवाजही हलला नाही. शेजारी विहीणबाई बशीतल्या बिस्किटाकडे बघत होत्या.

सलीमभाईंनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, बिल तं एकच असते. मी कवडी देली, कवडी लिवली. उत्तम कापूस लिवला तं तुमचा साहेब इचारन, इतक्या सस्त्यात उत्तम कापूस कोन देते? मंग मी बी झूटा, तुमी बी झूट्या." मग त्यांनी पावतीला जोडलेला माझा इंग्रजी कागद चष्म्याजवळ धरला. "गलती बिलात नाई. गलती मायन्यात हाये. मायना ज्यानं केला त्यानं सही द्यावी."

मायना म्हणजे अर्थ, तो ज्यानं केला. त्यांना कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. पण त्यांनी नाव विचारलं नाही. कवडी म्हणजे काय, कुठल्या दिवशी किती दिली, असं स्वच्छ अक्षरात मराठीत पत्र लिहिलं, शिक्का मारला आणि खाली उर्दूत सही केली. वजनाची चिठ्ठी मात्र त्यांच्याकडे नव्हती. ट्रक परतवाड्याच्या एका जिनिंगमधून भरला होता, चिठ्ठी तिथल्या काट्यावर.

परतीच्या गाडीत विहीणबाईंनी खिडकीतून एक देऊळ दाखवलं, संत्र्याची बाग दाखवली, मी नुसती मान हलवली. माझ्या डोक्यात एकच गणित: उद्या गुरुवार, परतवाडा. परवा शुक्रवार, पाच वाजता. आणि गावात साठ बायका, ज्यांनी मला अजून एकदाही 'बाई, पैशाचं काय झालं' असं विचारलेलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवार, परतवाडा

अमरावतीहून परतवाड्याची एसटी निघाली वेळेवर आणि बंद पडली आसेगावच्या अलीकडे. कंडक्टर शांतपणे उतरला, झाडाखाली बसला. सगळे प्रवासीही बसले. कुणी पाण्याची बाटली फिरवली, कुणी चिवडा. आमच्याकडे अशा वेळी दहा माणसं ड्रायव्हरला अक्कल शिकवतात. मी मात्र येरझाऱ्या घालत राहिले, तर एका बाईनं मला ओढून शेजारी बसवलं. म्हणाली, "बसा माय, फिरल्यानं गाडी चालू होत नाई." शेवटी एका जीपमध्ये आम्ही चौदाजण कोंबून परतवाड्याला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

जिनिंग गावाबाहेर. हंगाम सरत आलेला, तरी यंत्र घरघरत होतं. हवेत कापसाची तुसं, दोन मिनिटांत आमच्या दोघींचे केस पांढरे. विहीणबाईंचे काळे होते, त्या माझ्यासारख्या दिसू लागल्या. काट्यावरच्या माणसानं वही शोधायला घेतली. ती सापडेपर्यंत थांबा म्हणाला.

कापसाच्या ढिगाभोवती आठ-दहा बायका बसल्या होत्या. मूठ उचलायची, डोळ्यांनी चाळायची, कवडी मागे टाकायची. हात असे चालत होते की आमच्या बायका तिसऱ्या निवडतात तेच आठवलं. मी त्यांच्यात जाऊन बसले. समुद्राचं सांगितलं, तेलाचं सांगितलं. त्यांतल्या वयस्क बाईनं, नबूबाई तिचं नाव, हात न थांबवता ऐकलं.

"म्हंजे आमी फेकतो थे तुमी समुद्रात टाकलं?"

"हो."

"अन् चांगला कापूस काहून नाई टाकला?"

उत्तर मला द्यावं लागलं नाही. त्याच वेळी यंत्राजवळ काहीतरी फुसकलं आणि काळ्या तेलाची धार फरशीवर पसरली. फिटर धावला. त्यानं ढिगाकडे पाहिलंसुद्धा नाही, नबूबाईच्या पाठीमागची कवडी दोन्ही हातांनी उचलली आणि तेलावर टाकली. पाहता पाहता ती काळी झाली आणि भोवतीची फरशी उघडी पडली. मी फोन काढून हे सगळं टिपलं. चित्र हललंय, पण आहे. फिटरला विचारलं, नेहमी कवडीच का? तो म्हणाला, कच्ची असते, बारीक असते, जास्त पिते, शिवाय वाया गेली तर जीव जळत नाही. आमच्या विमेवाल्यांना हवा असलेला 'वाजवी खर्च' तो एका वाक्यात सांगून गेला.

तेल पुसताना माझ्या पदराला ते लागलंच. डाग अजून आहे, रॉकेलनंही गेला नाही.

काट्याची चिठ्ठी मिळाली. तारीख जुळली, वजन जुळलं. राहिला खुलासा.

गुरुवार, अमरावती

परत येता येता चार वाजले. कोर्टाजवळच्या एका टेबलावर नोटरीचे वकील बसले होते, शेजारी टाइपिस्ट. पलीकडच्या गाडीवर लोक गिला वडा खात होते, दह्यात बुडवलेला, वर लाल चटणी. एरवी मी आधी तोच खाल्ला असता. तेव्हा मी सरळ टेबलाकडे गेले.

वकील म्हणाले, "बोला, काय लिहायचं?"

विहीणबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही जरा सावलीत बसा. त्या म्हणाल्या, इथंच सावली हाये. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी नाव घालावं. संस्थेतल्या कुणा कारकुनाचं. पण आमच्या संस्थेत कारकूनच नाही. सगळे कागद माझ्याच अक्षरात.

मी सांगू लागले. "मी, मालती अमुक अमुक, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, प्रतिज्ञेवर लिहून देते की, सदर पावतीतील 'कवडी' या शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता. मी तो कुणाला विचारला नाही. मी चुकीचं भाषांतर केलं. व्यापाऱ्याची किंवा संस्थेच्या बायकांची यात काही चूक नाही."

टाइपिस्टची बोटं चालत राहिली. 'कुणाला विचारला नाही' हे वकिलांनी गाळू का म्हणून विचारलं, कायद्याला त्याची गरज नव्हती. मी म्हटलं, राहू द्या. मी सही केली. लाज वाटली, सरळ शब्दांत सांगते, भर रस्त्यात पदर निसटावा तशी लाज वाटली.

विहीणबाईंनी कागद घडी घालून माझ्या पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "इहीनबाई, एक फोन वैशूले काहून नाई केला?"

मी म्हटलं, "मी तिच्या बोलण्याला हसते, म्हणून."

"सांगते ती मले," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून मला दिली आणि गाडीवरून दोन प्लेट वडे आणले. मी खाल्ले. रडत खाल्ले, चटणी तिखट होती हे एक कारण झालं.

शुक्रवार, बडनेरा

सकाळी कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो, तर लाईन गेलेली. दहाला येईल म्हणाला, साडेअकराला आली. सलीमभाईंचं पत्र, चिठ्ठी, प्रतिज्ञापत्र आणि माझं हललेलं चित्र, सगळं एकदाचं रवाना झालं तेव्हा पावणेएक. साहेबांना फोन लावला, उचलला नाही. दोनला लावला, नाही. तीनला नाही. मी गाडीच्या वेळेआधी दोन तास स्टेशनवर जाऊन बसले, कारण घरात बसवेना. विहीणबाई सोबत. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्या नावानं ओळखत होत्या आणि किती उशिरा आहे तेही सांगत होत्या. मला त्यातलं काही आठवत नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी फोन आला.

"मॅडम, मिळालं. मान्य आहे. चित्र बघून आमचे वरिष्ठ हसले, म्हणजे काम झालं." मी डोळे मिटले. साहेब पुढे बोलत होते. "फक्त एक प्रश्न आहे. बाकीच्या बासष्ट पावत्यांचं भाषांतर कुणी केलंय?"

खरं बोलल्याचं हे बक्षीस! क्षणभर वाटलं, म्हणावं, दुसऱ्यांनी.

"मीच," मी म्हटलं.

मग ते म्हणाले, दावा मुदतीत नोंदला गेलाय, त्याची काळजी नको. पण दोन्ही भाषा जाणणाऱ्या दुसऱ्या कुणीतरी सगळ्या पावत्या तपासून सही द्यायला हवी. पंधरा दिवस. तुमच्याकडे आहे का कुणी?

विहीणबाई माझ्या अगदी जवळ बसल्या होत्या, त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्या माझ्याकडे न बघता रुळांकडे बघत म्हणाल्या, "बीए इंग्लिश हाये ना वैशू. अमरावतीतून."

सहा वर्षं ती माझ्या घरात आहे. मला हे माहीत नव्हतं, असं लिहिणं सोपं आहे. लग्नाच्या वेळी सांगितलं होतं त्यांनी. माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

घरी

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच तुमच्या जिवाला घोर नको. पैसे पावसाळ्याच्या तोंडाशी आले. मागितले तितके नाहीत, विल्हेवाटीचा काही भाग त्यांनी कापला. पण साठजणींची मजुरी पुरी आली आणि देवळाच्या पायरीवर दिलेला माझा शब्द राहिला.

पण मला सांगायचंय ते त्या पंधरा दिवसांतलं. वैशालीला मी सगळं सांगितलं, आल्या आल्या, पिशवी खाली ठेवायच्या आधी. ती हसली नाही. हसली असती तर मला सोपं गेलं असतं. रोज दुपारी आम्ही दोघी स्वैपाकघरातल्या टेबलावर बसायचो. आमचे कोकणातले शब्द तिला अडायचे आणि ती प्रत्येक वेळी विचारायची. आई, सुंभ काय असते? आई, घमेलं आणि पाटी एकच का? न लाजता, दहादा. नारळाच्या काथ्याची दोरी म्हणजे सुंभ, हे मी तिला सांगायची आणि ती समासात लिहायची. मी विचार करत राहायची की इतकं सोपं होतं हे.

बासष्टावा कागद म्हणजे हजेरीपट. नऊ दिवसांचा, साठ नावांचा. तिनं एकेक नाव मोठ्यानं वाचलं, मी मूळ वहीत बोट ठेवत गेले. शेवटचं नाव झालं. तिनं पान उलटून मागं पाहिलं. मागं कोरं होतं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. नऊच्या नऊ दिवस ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. जाळ्यांत कवडी कशी ठासायची ते तिनंच सगळ्यांना दाखवलं होतं. तिचं नाव मी लिहिलंच नव्हतं. घरचीच म्हणून.

"वैशाली, तुझं नाव..." मी म्हटलं. "मी घालते. एकसष्टावं."

"मुदत झाली ना आई," ती म्हणाली. "आता टाकलं तं थे झूट होईन."

तिनं हजेरीपटावर सही केली. सुवाच्य इंग्रजीत, माझ्यापेक्षा चांगलं वळण. मी विचारलं, "मग मी आता काय करू?" सहा वर्षांत मी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

टेबलावर एकच कागद उरला होता, सलीमभाईंची पावती. तिनं तो माझ्याकडे सरकवला आणि पेनही दिलं.

"हा तेवढा तुमी करा. याचा अर्थ आता तुमाले येते."